काचेच्या तंतूंचा सांधा : फ्यूजन स्प्लायसिंग म्हणजे काय?

ऑप्टिकल फायबरच्या दोन तुकड्यांची टोके विद्युत प्रज्योतीच्या उष्णतेने वितळवून ती एकजीव करण्याच्या प्रक्रियेस फ्यूजन स्प्लायसिंग असे म्हणतात. दूरध्वनी, इंटरनेट, बँकांचे व्यवहार आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण यांचा मोठा भाग आज अशा तंतूंतून वाहतो. हे तंतू कित्येक किलोमीटर अखंड धावतात असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात प्रत्येक लांब मार्ग हा सांध्यांची एक माळ असतो. मार्गाची गुणवत्ता ठरवताना काचेइतकाच या सांध्यांचाही विचार करावा लागतो.

केबल कारखान्यातून बाहेर पडते ती लाकडी ड्रमवर गुंडाळलेली. जमिनीखाली टाकायच्या केबलचा एक ड्रम सामान्यतः दोन ते चार किलोमीटरचा असतो. याहून लांब केबल वाहून नेणे आणि नळीतून पुढे सरकवणे अवघड जाते. दोन किलोमीटरचे ड्रम धरले, तर ८० किलोमीटरच्या मार्गावर ४० ड्रम लागतात आणि वाटेत ३९ ठिकाणी जोडणी करावी लागते. केबलमध्ये २४ तंतू असतील, तर प्रत्येक ठिकाणी २४ सांधे, म्हणजे एकूण ९३६. यातला प्रत्येक सांधा कोणीतरी रस्त्याकडेच्या खड्ड्याजवळ, तंबूत किंवा गाडीत बसून हाताने तयार केलेला असतो.

किती बारीक, किती नेमके

दूरसंचार जाळ्यात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एकपथी तंतूची काच १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग एवढ्या व्यासाची असते. तिच्यावरील प्लास्टिकचा लेप धरून हा व्यास २५० मायक्रॉन होतो. प्रकाश मात्र या सगळ्या काचेतून जात नाही. तो मधल्या सुमारे नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. भोवतीच्या काचेचा अपवर्तनांक गाभ्यापेक्षा किंचित कमी असल्याने प्रकाश आतच कोंडला जातो.

दोन तंतू जोडायचे म्हणजे हे दोन गाभे समोरासमोर आणायचे. गाभे परस्परांपासून एक मायक्रॉनने सरकले, तर त्या सांध्यात सुमारे ०.२ डेसिबल एवढी हानी होते. चांगल्या प्रतीच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक किलोमीटर गेल्यावर साधारण तेवढाच क्षीण होतो. थोडक्यात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक म्हणजे एक किलोमीटर जादा काच.

डेसिबल हे माप येथे समजून घेणे आवश्यक आहे. तीन डेसिबल हानी झाली की प्रकाश निम्मा उरतो, दहा डेसिबलला एक दशांश आणि वीस डेसिबलला एक शतांश. वर उल्लेखिलेल्या ८० किलोमीटरच्या मार्गात केवळ काचेमुळे १६ डेसिबल हानी होते, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सुमारे चाळिसावा भाग पलीकडे पोहोचतो. ३९ सांधे प्रत्येकी ०.०५ डेसिबलचे असतील, तर त्यात सुमारे दोन डेसिबलची भर पडते. तेच सांधे निष्काळजीपणे केलेले आणि प्रत्येकी ०.२ डेसिबलचे असतील, तर भर पडते जवळपास आठ डेसिबलची. दोन्ही मार्गांवर काच तीच, यंत्रणा तीच, पण दुसऱ्या मार्गावर पलीकडे पोहोचणारा प्रकाश पहिल्याच्या एक चतुर्थांश असतो.

फ्यूजन पद्धतीने केलेला चांगला सांधा ०.०२ ते ०.०५ डेसिबलच्या दरम्यान असतो. ०.१ डेसिबलपेक्षा अधिक हानी दिसल्यास तो तोडून पुन्हा करावा, असा दंडक अनेक कामांत पाळला जातो. खटक्याने बसवायच्या कनेक्टरमध्ये किंवा यांत्रिक सांध्यात हानी याहून बरीच अधिक असते. शिवाय तेथे दोन टोकांमध्ये हवेची फट राहिली, तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे साडेतीन टक्के प्रकाश मागे परावर्तित होतो. वितळून एक झालेल्या काचेत परावर्तनाला पृष्ठभागच उरत नाही.

प्रयोगशाळेतून रस्त्यावर

प्रकाश वक्र काचतंतूतून नेता येतो, या विषयावरील महत्त्वाच्या सुरुवातीच्या संशोधनात पंजाबमधील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे नाव घेतले जाते. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्यांनी केलेले काम १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण किताब जाहीर झाला. दूरसंचारासाठी काच वापरता येईल, मात्र त्यासाठी हानी किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा खाली आणावी लागेल, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ही मर्यादा ओलांडून दाखवली. काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

काच शुद्ध झाली, पण ती जोडायची कशी, हा प्रश्न लगेच पुढे आला. तापलेल्या तारेच्या उष्णतेने तंतू जोडण्याचा प्रयोग बेल प्रयोगशाळेत १९७१ च्या सुमारास झाला. विद्युत प्रज्योतीचा वापर रुळला तो त्याच दशकात पुढे. भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली.

सांधा कसा घालतात

या कामातील कारागिराला दूरसंचार क्षेत्रात जॉइंटर किंवा स्प्लायसर म्हणतात. यंत्रालाही स्प्लायसर हेच नाव आहे, आणि काही अंशी गैरसमज तेथूनच सुरू होतो. यंत्र महाग असते, पडद्यावर तंतूचे मोठे चित्र दाखवते आणि बटण दाबल्यावर आठ-दहा सेकंदांत काम संपवते. त्यामुळे सारे कौशल्य यंत्रातच आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः सांध्याचे बरेवाईट यंत्राचे झाकण बंद होण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते.

प्रथम केबलचे बाह्य आवरण सोलून आतील नळ्या मोकळ्या केल्या जातात. तंतूंना चिकटलेले पाणीरोधक जेल पुसून काढले जाते. त्यानंतर एका तंतूवर संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, ओवून ठेवली जाते. ही साधी गोष्ट विसरली, तर उत्तम जमलेला सांधाही तोडावा लागतो, कारण जोडणी झाल्यावर नळी आत सरकवण्यासाठी मोकळे टोकच उरत नाही. नवशिक्याकडून ही चूक हमखास होते आणि अनुभवी माणसाकडूनही दिवसअखेरीस होऊ शकते.

पुढची पायरी लेप काढण्याची. स्ट्रिपर या चिमट्यासारख्या हत्याराने साधारण तीन-चार सेंटिमीटर लेप उतरवला जातो. उघडी पडलेली काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसली जाते. हत्याराचे पाते काचेला लागले, तर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उठतो. तो त्या दिवशी काहीच त्रास देत नाही. पुढे ओलावा आणि ताण यांच्या परिणामाने तो खोल जात राहतो आणि एखाद्या दिवशी कोणताही घाव न बसता तंतू तुटतो.

नंतर येते तो छेद घेण्याची पायरी. क्लीव्हर नावाच्या हत्याराने हे काम होते. याला कापणे म्हटले जात असले, तरी काच खरे पाहता कापली जात नाही. कठीण पात्याने तिच्यावर एक सूक्ष्म चरा पाडला जातो आणि ताण देऊन ती त्या ठिकाणी मोडली जाते. मोडलेले टोक आरशासारखे गुळगुळीत आणि तंतूच्या अक्षाला काटकोनात असावे लागते. त्यातील कल एक अंशाच्या आत हवा, शक्यतो अर्ध्या अंशाच्या. टोक तिरके असेल किंवा कडेला टवका उडाला असेल, तर वितळताना काच असमान वाहते आणि गाभा वाकतो. छेद घेतल्यानंतर टोक पुन्हा पुसू नये आणि त्याला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये, असा नियम आहे. पुसण्याचे काम छेदापूर्वीच पूर्ण करायचे असते.

दोन्ही तंतू यंत्रातील इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचांत ठेवल्यावर झाकण बंद केले जाते. यंत्र दोन दिशांनी प्रतिमा घेऊन टोकांचा कोन आणि स्थिती तपासते. एक क्षीण प्रज्योत पाडून टोकांवरील धूळ जाळली जाते. त्यानंतर टंगस्टनच्या दोन विद्युत्-अग्रांमध्ये मुख्य प्रज्योत, कामगारांच्या बोलीतील आर्क, पेटते. काच सुमारे २००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून मऊ होते आणि त्याच वेळी यंत्र दोन्ही टोके काही मायक्रॉन एकमेकांत दाबते. धातूच्या वेल्डिंगमध्ये पुष्कळदा बाहेरून भराव घातला जातो, येथे तसे काही नसते. काच काचेत मिसळते, एवढेच.

या क्षणी पृष्ठताण कारागिराच्या मदतीला येतो. मऊ झालेल्या काचेचे दोन्ही बाह्य पृष्ठभाग आपोआप एका रेषेत येऊ पाहतात. गाभा तंतूच्या अचूक मध्यभागी असेल, तर ही मदत पुरेशी ठरते. स्वस्त यंत्रे प्रायः याच भरवशावर चालतात आणि केवळ बाह्य व्यास जुळवतात. अधिक महाग यंत्रे गाभाच पाहून जुळवणी करतात. आजच्या तंतूंत गाभा मध्यभागापासून फारच थोडा ढळलेला असल्याने घरगुती जोडणीसाठी पहिला प्रकार चालून जातो. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी दुसऱ्याचाच आग्रह धरणे योग्य.

सांधा जमल्यावर यंत्र त्याला सुमारे दोन न्यूटन, म्हणजे साधारण २०० ग्रॅम वजनाइतका ताण देऊन पाहते. तो टिकला, तर ओवून ठेवलेली नळी सांध्यावर आणून यंत्रातीलच छोट्या भट्टीत तापवली जाते. नळी आकसते आणि आतील पोलादी काडी सांध्याला वाकण्यापासून वाचवते. शेवटी तंतू वेटोळे करून ट्रेमध्ये बसवले जातात आणि ट्रे पाणी शिरू न देणाऱ्या पेटीत बंद होतो. वेटोळे फार लहान केले, तर वाकलेल्या काचेतून प्रकाश बाहेर झिरपतो आणि उत्तम सांध्याचा लाभ तेथेच गमावला जातो.

हवामानाचाही या कामावर परिणाम होतो. दमट हवा, वारा आणि धूळ यांनी आर्क अस्थिर होतो. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने त्याची उष्णता बदलते. म्हणून जागा बदलल्यावर आर्कची नव्याने जुळणी करून घ्यावी लागते. विद्युत्-अग्रांवर काचेचा थर साचत असल्याने तीही ठराविक जोडण्यांनंतर बदलावी लागतात.

छेद घेताना उरलेले काचेचे कण हा या व्यवसायातील खरा धोका आहे. ते कातडीत घुसले, तर दिसत नाहीत आणि सहज निघतही नाहीत. त्यामुळे कण बंद डबीत गोळा करणे, चष्मा वापरणे आणि कामाच्या जागी खाणेपिणे टाळणे बंधनकारक मानले जाते. चालू तंतूच्या टोकात डोकावून पाहणेही तितकेच घातक. त्यातला प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण दृष्टिपटलाला इजा करू शकतो.

पडद्यावरचा आकडा आणि खरी हानी

जोडणी संपताच यंत्राच्या पडद्यावर ०.०१ किंवा ०.०२ असा आकडा उमटतो. तो पाहून काम मान्य करण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. परंतु हा आकडा मोजलेला नसतो. प्रतिमेवरून यंत्राने बांधलेला तो अंदाज असतो.

प्रत्यक्ष मोजमाप ओटीडीआर या उपकरणाने होते. ते तंतूत प्रकाशाची अल्प स्पंदने सोडते आणि काचेतून सतत मागे विखुरल्या जाणाऱ्या क्षीण प्रकाशाची नोंद घेते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असल्याने परतीच्या वेळेवरून अंतर कळते. आलेखात जेथे पायरी दिसते, तेथे सांधा किंवा दोष असतो.

या आलेखात कधी कधी पायरी खाली न जाता वर चढलेली दिसते, जणू सांध्यात प्रकाश वाढला. असे अर्थातच घडत नाही. पुढचा तंतू थोडा वेगळ्या घडणीचा असेल, तर तो मागच्यापेक्षा अधिक प्रकाश परत पाठवतो आणि उपकरणाची फसगत होते. तोच सांधा विरुद्ध टोकाकडून मोजला, तर हानी वाजवीपेक्षा जास्त दिसते. म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढणे हीच मान्य पद्धत आहे. एकाच बाजूने मोजून समाधान मानले, तर वाईट सांधा मान्य होण्याची आणि चांगला सांधा उगीच तोडला जाण्याची सारखीच शक्यता राहते. दुसऱ्या टोकाला माणूस पाठवावा लागतो, एवढ्याच कारणाने ही पायरी गाळली जाणे समर्थनीय नाही.

तुटणे आणि पुन्हा जोडणे

भारतात लांब पल्ल्याच्या केबल सामान्यतः १.६५ मीटर खोलीवर नळीतून टाकण्याचे प्रमाण आहे. तरीही रस्तारुंदीकरण, जलवाहिनी किंवा गटाराच्या खोदकामात त्या तुटतात. असमन्वित खोदकामामुळे दरवर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होत असल्याचे केंद्र सरकारने म्हटले होते. खोदणाऱ्याने आधी केबलमालकाला कळवावे, यासाठी २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू करण्यात आले.

रुपयांत मोजता येणाऱ्या नुकसानीखेरीज दुसरेही एक नुकसान आहे, ज्याची चर्चा क्वचित होते. तुटलेली केबल ताणून पुन्हा जोडता येत नाही, कारण यंत्राने तिचा काही भाग ओढून चिरडलेला असतो. मधे नवा तुकडा घालावा लागतो आणि एका घावाच्या जागी दोन सांधे कायमचे राहतात. दहा वेळा तुटलेल्या मार्गावर वीस सांधे वाढलेले असतात. घाईत, रात्री, पावसात केलेले ते सांधे ०.१ डेसिबलचे धरले, तरी दोन डेसिबल गेले. सेवा दर वेळी पूर्ववत होते, मार्ग मात्र पूर्ववत होत नाही.

ग्रामीण जाळ्यात ही बाब अधिक बोचते. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्यात वापरलेल्या जीपॉन तंत्रज्ञानात एका तंतूतील प्रकाश विभाजकाने अनेक शाखांत वाटला जातो. या तंत्रज्ञानाच्या प्रचलित श्रेणीत एकूण २८ डेसिबल हानी सोसण्याची मुभा असते. बत्तीस वाट्यांचा विभाजक त्यातील सुमारे १७ डेसिबल घेतो, २० किलोमीटर काच १३१० नॅनोमीटरला सुमारे ७, कनेक्टर एखाद-दोन. उरतात जेमतेम तीन डेसिबल. दहा सांधे ०.०५ चे असतील, तर अर्धा डेसिबल खर्च होतो आणि सांध्यांच्या खात्यावर शिल्लक राहते. तेच ०.३ चे असतील, तर ती शिल्लक संपते आणि पंचायत कार्यालयातील दिवा कधी हिरवा, कधी लाल होत राहतो. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि यंत्र बदलले जाते.

समुद्राखालचा सांधा

समुद्री केबलमध्ये मूळ तत्त्व हेच, परिस्थिती मात्र सर्वस्वी निराळी. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतासह पश्चिम आशियातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. अशा वेळी केबलजहाज लोखंडी आकड्याने तळावरून केबलचे एक टोक वर ओढते, त्याची चाचणी घेते आणि तरंगत्या बोयाला बांधून ठेवते. मग दुसरे टोक शोधले जाते. मधे नवा तुकडा घालून जहाजावरील बंदिस्त खोलीत तंतू एकेक करून जोडले जातात. त्यावर प्लास्टिकचे आवरण साच्यात वितळवून बसवले जाते आणि त्यात पोकळी राहिली नाही ना, हे क्ष-किरणांनी पाहिले जाते. एका जोडणीला बारा तासांहून अधिक वेळ लागू शकतो. त्या अवधीत जहाज वारा आणि प्रवाह सोसत एकाच जागी थांबलेले असते.

१० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेली, सुमारे २३०० किलोमीटर लांबीची चेन्नई ते अंदमान-निकोबार केबल अशाच सांध्यांवर उभी आहे. तोपर्यंत या बेटांची भिस्त उपग्रहांवर होती.

कारागीर आणि नोंदवही

माहिती केंद्रांसाठी आता ६९१२ तंतूंच्याही केबल बनतात. त्यांत बारा तंतू पट्टीसारखे चिकटवलेले असून पट्टी एकाच आर्कमध्ये जोडली जाते. त्यामुळे सुमारे सात हजार जोडण्यांऐवजी ५७६ पुरतात. अनेक गाभे असलेल्या नव्या तंतूंत टोके समोरासमोर आणून भागत नाही, तर सारे गाभे जुळेपर्यंत तंतू स्वतःभोवती फिरवावा लागतो.

देशात दूरसंचार क्षेत्र कौशल्य परिषदेने 'ऑप्टिकल फायबर स्प्लायसर' ही स्वतंत्र कामश्रेणी ठरवून तिचा अभ्यासक्रम आखला आहे. त्यात हत्यारांइतकेच महत्त्व नोंदींना आहे. तंतूंचे बारा रंग निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि आकाशी या ठरलेल्या क्रमाने येतात. संधिप्रकाशात राखाडी आणि पांढरा, किंवा गुलाबी आणि नारिंगी यांत गफलत झाली, तर सांधा निर्दोष असूनही एकाची सेवा दुसऱ्याच्या दारात पोहोचते.

म्हणून प्रत्येक पेटीची जागा, तारीख, नळीचा व तंतूचा रंग, दोन्ही दिशांनी मोजलेली हानी आणि खड्ड्यात गुंडाळून ठेवलेल्या केबलची लांबी नोंदवही किंवा संगणकात लिहिली जाते. ओटीडीआर दोषाचे अंतर सांगते ते काचेचे. नळीत सैल सोडलेला तंतू आणि प्रत्येक खड्ड्यातील वेटोळी धरता ते रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त भरते. गुंडाळलेल्या लांबीची नोंद नसेल, तर दुरुस्तीपथक पुढच्या वेळी दोषापासून शंभर-दोनशे मीटर पलीकडे खणायला सुरुवात करते.